चुलीचा हिशेब आणि जमिनीचा हिशेब
आयर्लंडच्या खेड्यांतील रानवनस्पतींचे जळण

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे, खते, पाणी, कीड या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो आहे जळणाचा, आणि तोही युरोपच्या पश्चिम टोकाला असलेल्या आयर्लंड या बेटावरच्या जळणाचा. इतक्या लांबचे उदाहरण कशाला, असे तुमच्या मनात येईल. कारण असे, की तेथील शेतकऱ्याने कित्येक पिढ्या जवळजवळ लाकडाशिवाय चूल पेटती ठेवली. त्यासाठी त्याने दलदलीतली माती कापली, माळावरची काटेरी झुडपे तोडली, रानातले शेण गोळा केले, प्रसंगी गवताळ जमिनीची सालही काढून जाळली. यांपैकी कोणत्या जळणाने जमीन राखली आणि कोणत्या जळणाने ती खाल्ली, हे त्या देशात अगदी उघड्यावर पाहायला मिळते. आपल्या शेताचा विचार करताना त्याचा उपयोग होईल.

झाडे गेली, पाऊस राहिला

आयर्लंड हा पावसाचा देश आहे; पण आपल्यासारखा चार महिन्यांचा नव्हे. पूर्व भागात वर्षाला ७५० ते १००० मि.मी. आणि पश्चिमेकडे साधारण १००० ते १४०० मि.मी. पाऊस पडतो. आकड्याने तो फार मोठा वाटत नाही. परंतु तो वर्षातील १५० ते २२५ दिवसांवर वाटलेला असतो आणि हवा थंड असल्याने बाष्पीभवन कमी होते. म्हणून जमीन सदैव ओली राहते.

या बेटावर पूर्वी ओक आणि इतर वृक्षांची मोठी वने होती. शेतीसाठी झालेली तोड, जहाजबांधणी, पिंपांच्या फळ्या, लोखंडाच्या भट्ट्यांसाठी लागणारा कोळसा आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी साल यांमुळे ती संपत गेली. सन १९०० च्या सुमारास वनांखालील क्षेत्र जेमतेम एक टक्का उरले होते. पुढे लागवड झाल्याने आज ते सुमारे ११ टक्क्यांवर आले आहे. म्हणजे ज्या काळाबद्दल आपण बोलत आहोत, त्या काळात सामान्य कुळाला लाकूड तोडून जाळणे परवडणारे नव्हते. उरलेली झाडे बहुधा जमीनदाराची असत.

दलदलीतले जळण

ओल्या, हवाबंद जमिनीत शेवाळे, गवत, हीदर यांसारख्या वनस्पती मेल्यावर पूर्ण कुजत नाहीत. त्यांचा थरावर थर साठतो. या अर्धवट कुजलेल्या वनस्पतिजन्य मातीला पीट म्हणतात आणि ती कापून वाळवलेल्या कांड्यांना टर्फ म्हणतात. आयर्लंडच्या सुमारे एक षष्ठांश भूभागावर पीटचे थर होते. म्हणून टर्फ हेच तेथील खेड्यांचे मुख्य जळण झाले.

कापणी वसंत ऋतूत, एप्रिल-मेच्या सुमारास सुरू होई. प्रथम वरची गवताळ साल बाजूला काढायची. मग स्लेन नावाच्या, एका बाजूला पंख असलेल्या अरुंद फावड्याने विटेसारख्या लांबट कांड्या कापायच्या. एकाने कापायचे, दुसऱ्याने झेलायचे, तिसऱ्याने पसरायचे. ताज्या कांडीत सुमारे ९० टक्के पाणी असते. काही दिवसांनी कांड्या जरा टणक झाल्या, की चार-पाच कांड्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे त्यांच्यातून वारा खेळतो. शेवटी घराजवळ गंजी रचायची. पाऊस लांबला, तर वर्षाचे जळण ओले राही आणि हिवाळा कठीण जाई. वाळवण्याच्या कामात बायका आणि मुले यांचा वाटा मोठा असे.

हे काम एकट्या घराला आवरत नसे. शेजारी एकमेकांकडे पाळीने कामाला जात. या पद्धतीला आयरिश भाषेत 'मेहल' म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीचीच ही बहीण समजा. घरमालकाने सर्वांना जेवू घालायचे आणि शेजाऱ्याच्या पाळीला स्वतः जायचे, हाच तेथेही नियम होता.

वरच्या थरातील तपकिरी टर्फ हलका असतो आणि लवकर जळून जातो. खालचा काळा टर्फ जड, टणक आणि जास्त वेळ आच देणारा असतो. दगडी कोळशाच्या तुलनेत त्याची उष्णता साधारण निम्मी भरते. पण त्याचा निखारा मंद आणि टिकाऊ असतो. त्यामुळे झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यात पाव भाजायची पद्धत तेथे रुळली. भांडे निखाऱ्यावर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे टाकायचे, म्हणजे खालून-वरून आच लागे.

आता याचा हिशेब पाहा. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कापणाऱ्याने फूटभर जाडीचा थर काढला, तर तो साठायला सुमारे ३०० वर्षे लागलेली असतात. म्हणजे हे जळण वनस्पतींचेच असले, तरी ते पीक नव्हे, ती साठवलेली ठेव आहे. ठेव मोडून संसार चालतो. पण ती परत भरत नाही. जाणत्या लोकांनी त्यातही एक शिस्त पाळली होती. आधी काढून ठेवलेली वरची गवताळ साल कापणीनंतर खालच्या उघड्या तळावर पुन्हा अंथरायची. असे केले, तर त्या जागी पुढे कुरण होई किंवा बटाटा घेता येई. साल परत टाकली नाही, तर मागे पाण्याने भरलेला खड्डा उरे.

काटेरी फर्झ : एक झुडूप, अनेक कामे

सर्व गावांना दलदल जवळ नव्हती. विशेषतः दक्षिण आणि पूर्व भागातील कित्येक गावांत टर्फ विकत आणावा लागे. अशा ठिकाणी उपयोगी पडले ते फर्झ हे झुडूप. त्याला गॉर्स असेही म्हणतात. हे सदाहरित, दाट काट्यांचे, पिवळ्या फुलांचे झुडूप आहे. ते तुर-हरभऱ्याच्या कुळातले, म्हणजे शिंबीवर्गीय आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतील नत्र स्थिर करतात.

फर्झच्या फांद्यांत तेलकट अंश असतो आणि झुडपाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या काड्या साठून राहतात. त्यामुळे ते भडकन पेटते, मोठी आच देते आणि लवकर विझते. रात्रभर निखारा ठेवायला ते निरुपयोगी. पण चूल पेटवायला, तवा तापवायला आणि पावाची भट्टी झटपट तापवायला उत्तम. शहरांतील भटारखान्यांतही फर्झच्या मोळ्या विकत घेतल्या जात. चुन्याच्या भट्ट्यांनाही त्याचा उपयोग होई. तो चुना पुन्हा शेतकऱ्याच्याच आम्ल जमिनीत पडे. कापणीला हातात जाड चामड्याचे मोजे आणि कोयता लागे. मोळ्या बांधून पाठीवर किंवा गाढवावर घरी आणीत.

जळण हा फर्झचा केवळ एक उपयोग. कोवळे शेंडे लाकडी मोगरीने ठेचून, काटे मोडून घोड्यांना आणि गुरांना चारीत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी हाताने फिरवायची यंत्रेही आली. शेताला कुंपण म्हणून त्याच्या रांगा लावीत. गोठ्यात आणि अंगणातील चिखलात त्याचा थर अंथरीत. तो तुडवला गेला, शेणामुतात भिजला, की खत होई. राख कपडे धुण्यास आणि शेतात टाकण्यास वापरीत. म्हणूनच पुष्कळ शेतकरी या काटेरी झुडपाचे बी मुद्दाम पेरीत. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम केलेले अभ्यासक ए. टी. लुकास यांनी १९६० मध्ये फक्त फर्झच्या उपयोगांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येईल.

टर्फशी याची तुलना करा. फर्झ कापले, की बुंध्यातून पुन्हा फुटते आणि तीन-चार वर्षांत पुन्हा कापणीला येते. वाढताना जमिनीत नत्राची भर घालते. म्हणजे हे खरे पीक आहे. टर्फचा फूटभर थर ३०० वर्षांचा आणि फर्झची मोळी तीन-चार वर्षांची, एवढा हा फरक आहे.

आयरिश शेतकरी जमिनीची परीक्षाही या वनस्पतींवरून करीत. त्यांच्यात एक म्हण आहे : फर्झखाली सोने, लव्हाळ्याखाली चांदी आणि हीदरखाली दुष्काळ. कृषिविद्येच्या दृष्टीने ही म्हण बरीचशी बरोबर आहे. फर्झ खोल आणि निचऱ्याच्या जमिनीत चांगले वाढते. ती साफ केली, तर पीक येते. लव्हाळा पाणथळ जागा दाखवतो. चर काढून निचरा केला, तर ती जमीनही कामाला येते. हीदर मात्र आम्ल आणि निकस जमिनीवर वाढते. तेथे पेरणी करणारा उपाशी राहतो. आपल्याकडेही कुंदा, हराळी, लव्हाळा पाहून जाणता शेतकरी जमीन ओळखतोच.

हीदर, नेचा आणि पुरलेले पाइन

हीदर निकस जमिनीवरची असली, तरी तिच्या वाळलेल्या काड्या चूल पेटवायला चांगल्या. तिचे झाडूही करीत. ब्रॅकन हा उंच वाढणारा नेचा शरद ऋतूत वाळला, की कापून मुख्यतः गुरांखाली अंथरीत. त्याची राख पालाशयुक्त असते. ती धुलाईला आणि कापड शुभ्र करण्याच्या कामी वापरली गेली.

दलदलीच्या पोटात आणखी एक जळण सापडे. हजारो वर्षांपूर्वी तेथे वाढलेल्या पाइन वृक्षांचे बुंधे पीटमध्ये न कुजता राहिले आहेत. या लाकडात राळ भरलेली असते. पहाटे दलदलीवरचे दव किंवा हिमकण ज्या जागी आधी नाहीसे होत, तेथे खाली लाकूड आहे असे समजून लोक लोखंडी सळई खुपसून पाहत. बुंधा काढून त्याच्या ढलप्या करीत. त्या आपल्या कोकणातील चुडीप्रमाणे पेटवून घरात उजेड केला जाई. ज्यांना हेही मिळत नसे, ते लव्हाळ्यासारख्या गवताची साल सोलून आतला पांढरा गर चरबीत बुडवीत आणि त्याची वात जाळीत.

गरिबांचे जळण आणि त्याची किंमत

आतापर्यंतचे जळण दलदलीचे किंवा पडीक रानाचे होते. ज्यांना दलदलीचा हक्क नव्हता, टर्फ विकत घ्यायला पैसा नव्हता आणि जवळ फर्झही नव्हते, त्यांना शेतातूनच जळण काढावे लागे. येथून खरे नुकसान सुरू होते.

पहिले असे जळण म्हणजे शेण. कुरणात पडून उन्हावाऱ्याने वाळलेले शेण गोळा करून जाळीत. त्याला तेथे 'बोहरान' म्हणतात. आपल्या रानशेणीला याहून जवळचा शब्द जगात दुसरा क्वचितच असेल. पश्चिमेच्या अरान बेटांवर ही गोष्ट फार ठळकपणे दिसते. ही बेटे म्हणजे चुनखडीचा उघडा खडक आहे. तेथील लोकांनी खडकाच्या फटी दगडांनी बुजवून, त्यावर वाळू आणि समुद्रशेवाळ पाठीवरून आणून टाकून हाताने शेतजमीन तयार केली. अशा जमिनीला शेणखताचा कण न् कण हवा. पण बेटावर टर्फ नाही, झाडे नाहीत. तेव्हा शेणाचा काही भाग चुलीत जाई. उरलेली गरज समोरच्या कॉनेमारा किनाऱ्यावरून शिडाच्या होड्यांनी येणाऱ्या टर्फवर भागे. होड्या परतताना चुनखडीचे दगड नेत. कॉनेमाराच्या आम्ल जमिनीला तो चुना उपयोगी पडे. एका बाजूचे जळण आणि दुसऱ्या बाजूचा चुना, असा हा व्यवहार होता.

दुसरे जळण याहून वाईट. काही ठिकाणी, विशेषतः टर्फ संपलेल्या बेटांवर, गवताची मुळे धरून असलेली जमिनीची वरची सालच कापून, वाळवून जाळीत. त्या सालीखाली बहुतेक ठिकाणी खडक असे. एका हिवाळ्याची ऊब मिळे. पण त्या जागी पुन्हा गवत उगवायला पिढ्या जात. आज अशा काही जागी नुसता दगड दिसतो.

यात त्या माणसांना दोष देण्यासारखे काही नाही. घरात लेकरे गारठत असताना कोणीही तेच केले असते. परंतु त्यातून एक नियम दिसतो : घरात जळणाची टंचाई झाली, की तिची भरपाई शेवटी जमिनीच्या सुपीकतेतून होते.

विस्तव राखणे

जळण मोलाचे असल्याने विस्तवही जपला जाई. रात्री निखारे एकत्र करून राखेखाली झाकीत आणि झाकताना प्रार्थना म्हणत. सकाळी राख बाजूला सारून नवे टर्फ लावले, की चूल पुन्हा पेटे. कित्येक घरांत विस्तव वर्षानुवर्षे विझला नाही, असे अभिमानाने सांगत. १ मे या दिवशी घरातला विस्तव कोणाला देऊ नये, दिला तर घराचे भाग्य जाते, अशी समजूत होती. २३ जूनच्या रात्री गावोगाव होळ्या पेटत आणि त्यातले निखारे किंवा राख पीक चांगले यावे म्हणून शेतात टाकीत. आपल्या आज्यांनीही राखेत निखारा राखला आहे आणि शेजारी विस्तव मागायला पाठवले आहे; त्यामुळे हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे काय झाले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधून येणारा कोळसा घटला, तेव्हा साऱ्या आयर्लंडचा भार टर्फवर आला. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये टर्फच्या गंज्या उभ्या राहिल्या. १९४६ मध्ये बोर्ड ना मोना हे सरकारी मंडळ स्थापन झाले आणि यंत्रांनी पीट काढून त्यावर वीजकेंद्रे चालवली गेली. हाताने जे काम शतके घेई, ते यंत्रांनी काही दशकांत केले. शेवटी ठेव ती ठेवच. पाणी काढून टाकलेल्या दलदलीतून साठलेला कर्ब हवेत जातो, हेही स्पष्ट झाले. २०२० च्या अखेरीस पीटवर चालणारी दोन वीजकेंद्रे बंद झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. आता त्याच दलदलींचे चर बुजवून पाणी परत धरले जात आहे. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांतून टर्फ विकण्यावर निर्बंध आले. मात्र दलदलीचा परंपरागत हक्क असलेली कुटुंबे आजही स्वतःच्या घरापुरते टर्फ कापतात.

फर्झचे उलटे झाले. कोणी कापीनासे झाल्यावर ते डोंगरांवर माजले आणि कोरड्या वसंतात तेथे वणवे लागतात. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या विणीसाठी अशी झुडपे जाळण्यास कायद्याने बंदी आहे. शिवाय हेच झुडूप कुंपणासाठी न्यूझीलंडला नेले गेले आणि तेथे मोठे तण ठरले. आपल्या देशात निलगिरीच्या पठारावरही ते असेच पसरले आहे. मूळ गावी कोयत्याखाली राहिलेली वनस्पती परमुलखात मोकाट सुटते. वेड्या बाभळीच्या बाबतीत आपणही हा अनुभव घेतला आहे. म्हणून फर्झ आणा, असे मी मुळीच सांगणार नाही. त्यामागचा विचार तेवढा घ्या.

आपण काय घ्यावे

मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस बऱ्याच घरांत पोचला आहे. तरी पाणी तापवायला, भाकरीला आणि सिलिंडर परवडत नाही तेव्हा चूल पेटतेच. प्रत्येक जळणाला तीन प्रश्न विचारावेत. ते किती वर्षांत परत येते? शेतातून काय घेऊन जाते? आणि त्याची राख कोठे जाते?

गोवरी जाळली, की शेणातील नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे निघून जातो. राखेत थोडे स्फुरद आणि पालाश उरते, तेही उकिरड्यावर न जाता शेतात गेले तर उपयोग. ज्यांच्याकडे तीन-चार जनावरे आहेत, त्यांनी गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. त्यात जळण गॅसच्या रूपाने मिळते आणि शेणातील नत्र मळीत राहून शेतात परत जाते. अरान बेटावरच्या शेतकऱ्याला ही सोय असती, तर त्याला चूल आणि शेत यांत निवड करावी लागली नसती.

बांधावर गिरिपुष्प लावा. तेही फर्झसारखे शिंबीवर्गीय आहे. छाटले की फुटते. पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात टाकावा आणि फक्त जाड फांद्या चुलीसाठी वापराव्यात. असे केल्यास नत्र शेतात आणि काष्ठ चुलीत, अशी चांगली वाटणी होते.

तुराट्या आणि पळाट्या सरसकट जाळू नका. गरजेपुरत्या घरी न्याव्यात, उरलेल्या बारीक करून कंपोस्ट खड्ड्यात घालाव्यात. पळाट्यांचे ढीग पुढच्या हंगामापर्यंत बांधावर ठेवल्यास शेंदरी बोंडअळीला आसरा मिळतो, हेही लक्षात असू द्या. आणि चुलीची राख गोळा करून आम्लधर्मी जमिनीत किंवा कंपोस्टमध्ये मिसळावी. चोपण जमिनीत मात्र ती टाकू नये.

बंधू-भगिनींनो, आयर्लंडच्या शेतकऱ्याकडे निवड फार थोडी होती. आपल्याकडे ती आज आहे. सरपण गोळा करण्याचे काम आपल्याकडेही बहुतांशी घरच्या बायकांच्या वाट्याला येते. म्हणून बांधावर काय लावायचे आणि शेण कोठे जायचे, हा निर्णय त्यांना बरोबर घेऊन करा. येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने आपल्या बांधावर किमान एका ओळीत गिरिपुष्प लावावे, एवढी विनंती करून मी थांबतो.